काळ्या मातीची फुगवण मोजताना: नमुन्यापासून निकालापर्यंत

आपल्याकडे एनए प्लॉट घेताना दोन गोष्टी हमखास विचारल्या जातात: रस्ता किती फुटी आणि पाणी किती फुटांवर. माती किती फुगते हे विचारायची आठवण होते ती घर बांधून दोन पावसाळे गेल्यावर, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघाल्यावर. वावरातही तसंच. वैशाखात हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या भेगांतून पहिलं पाणी सरळ खाली निघून जातं, आणि मग आपण पंपाला दोष देत बसतो.

फुगवण मोजायची चाचणी अवघड नाही. काचेचे दोन सिलिंडर, दोन वेळा दहा-दहा ग्रॅम माती, एकात पाणी आणि दुसऱ्यात रॉकेल. भारतीय मानक २७२० च्या ४० व्या भागात ती दिलेली आहे. पण लोक करून आणतात ते आकडे पाहिले की त्याच त्याच चुका दिसतात: माती नीट वाळवलेली नसते, पाणी विहिरीचं असतं, आकडा तासाभरात घेतलेला असतो, आणि भागाकार उलट्या आकड्याने केलेला असतो. चुकीच्या आकड्यावर पाया खोदण्यापेक्षा चाचणी न केलेली बरी, कारण न केलेल्या चाचणीवर निदान कोणी विसंबून राहत नाही. म्हणून प्रत्येक पायरीमागचं कारणही इथे देतो आहे. कारण कळलं की पायरी गाळावीशी वाटत नाही.

## आधी हे समजून घ्या: पाणी मातीत नेमकं कुठे बसतं

मातीतला २ मायक्रॉनपेक्षा बारीक भाग म्हणजे चिकण. तापीच्या खोऱ्यातल्या काळ्या मातीत बसाल्ट झिजून तयार झालेलं स्मेक्टाईट गटातलं चिकण खनिज भरपूर असतं. त्याचा कण म्हणजे एकावर एक रचलेल्या अतिशय पातळ पत्र्यांची चळत. खापरावरचे मांडे घडी घालून एकावर एक ठेवलेले आठवा. बाहेरून तो एक गठ्ठा दिसतो, पण आत घडीघडीला फट असते. पाण्याचा सगळा कारभार त्या फटीत चालतो.

या प्रत्येक पत्र्यावर थोडा ऋण विद्युतभार असतो. स्फटिक तयार होताना काही ठिकाणी ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसलेलं असतं, त्यामुळे धनभार तेवढा कमी पडतो. ती उणीव भरून काढायला कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम यांचे धनभारित आयन दोन पत्र्यांच्या मधे येऊन बसतात. पत्रे एकमेकांना धरून राहतात ते या आयनांमुळे.

आता पाणी येतं. पाण्याचा रेणू सरळ नसतो, वाकलेला असतो. त्याची ऑक्सिजनकडची बाजू किंचित ऋण आणि हायड्रोजनकडची किंचित धन. तो ऑक्सिजनची बाजू आयनाकडे करून त्याला चिकटतो आणि हायड्रोजन पत्र्याच्या पृष्ठभागावरच्या ऑक्सिजनांकडे वळवतो. यात खरी ओढ आयनाची असते. पत्र्याचा नुसता पृष्ठभाग पाण्याला फार जोरात खेचत नाही. आयनाभोवती पाण्याचं कडं तयार होतं, त्या कड्याला जागा लागते आणि पत्रे दूर ढकलले जातात.

ही फूग पायऱ्यापायऱ्यांनी होते. पत्र्याची जाडी आणि फट मिळून होणारं अंतर कोरडेपणी सुमारे १० अँगस्ट्रॉम असतं. अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग. पाण्याचा एक थर आत शिरला की अंतर साधारण १२.५ होतं, दोन थरांना १५ च्या आसपास, तीन थरांना १८ ते १९. पाण्याचा रेणू सुमारे २.८ अँगस्ट्रॉमचा असतो, म्हणजे एकेका रेणूच्या जाडीने घडी उघडत जाते. मधे कॅल्शियम असेल तर फूग साधारण १९ ला थांबते, कारण दोन भारांचा कॅल्शियम दोन्ही पत्र्यांना धरून ठेवतो. सोडियम असेल तर ती तिथे थांबत नाही. पुरेसं गोडं पाणी मिळालं की पत्रे ४० च्या पुढे जातात आणि शेवटी एकमेकांपासून सुटतात.

सगळी चिकण खनिजं अशी नसतात. केओलिनाइटचे पत्रे एकमेकांना हायड्रोजन बंधांनी घट्ट धरलेले असतात, पाणी आत शिरतच नाही. इलाइटमध्ये पोटॅशियमचा आयन पत्र्याच्या खळग्यात नेमका बसतो आणि घडी बंद करून टाकतो. फरक किती, ते पृष्ठभागावरून कळतं: केओलिनाइटच्या एका ग्रॅमला साधारण १० ते २० चौरस मीटर पृष्ठभाग असतो, स्मेक्टाईटला आतल्या फटी धरून ७०० ते ८००. म्हणजे एक ग्रॅममध्ये सात-साडेसात गुंठे.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांसाठी यातलं एवढं पक्कं लक्षात ठेवा: हाताला कोरडी लागणारी काळी माती आतून कोरडी नसते, तिच्या घड्यांत पाणी अडकलेलं असतं. पाण्यातले क्षार बदलले की फुगवणही बदलते. आणि घडीत शिरायला पाण्याला वेळ लागतो.

## तयारी: सामान आधी गोळा करा

- १०० मिलिलिटरचे आकडे असलेले काचेचे दोन सिलिंडर, एकाच जाडीचे. प्लास्टिकचे घेऊ नका. त्यांच्या भिंतीला माती चिकटते.
- ०.१ ग्रॅम किंवा त्याहून बारीक दाखवणारा वजनकाटा. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा इथे उपयोगाचा नाही.
- ४२५ मायक्रॉनची चाळणी. मैद्याच्या चाळणीवर भागवू नका, तिची भोकं एकसारखी नसतात.
- लाकडी दस्ता, टोकाला रबर लावलेला.
- डिस्टिल्ड वॉटर. गाडीच्या बॅटरीत टाकायचं सीलबंद पाणी चालतं. आरओचं चालत नाही, त्यात क्षार कमी असतात पण असतात.
- बिनरंगी रॉकेल, साधारण पाव लिटर. आता ते शोधावं लागतं. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात विचारा.
- १०५ ते ११० अंश सेल्सिअस स्थिर ठेवणारा ओव्हन.
- घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या. प्रयोगशाळेत डेसिकेटर असेल तर उत्तमच.

ओव्हन घरी नसतो, हे मला माहीत आहे. जवळच्या अभियांत्रिकी किंवा कृषी महाविद्यालयात, पॉलिटेक्निकमध्ये विचारा. एक रात्र ओव्हनमध्ये दोन वाट्या ठेवू द्यायला सहसा कोणी नाही म्हणत नाही. तव्यावर मात्र माती भाजू नका. तव्याचा तळ कित्येकशे अंशांपर्यंत तापतो, आणि फार तापलेल्या चिकणाच्या घड्या बंद झाल्या की पुन्हा पूर्वीइतक्या उघडत नाहीत. भट्टीतून निघालेली वीट पाण्यात विरघळत नाही, त्यामागेही असंच कारण आहे: तिथे तर पत्र्यांच्या रचनेतलं हायड्रॉक्सिलही निघून गेलेलं असतं.

## पायरी १: नमुना कुठून आणि किती खोलीवरून

घरासाठी करत असाल तर वरची माती निरर्थक आहे. पाया जिथे टेकणार त्या पातळीवरची आणि तिच्याखाली एक मीटरवरची, अशी दोन ठिकाणची माती घ्या. प्लॉटच्या निदान दोन कोपऱ्यांत खड्डे करा. तापीकाठी खोल काळी माती सलग लागते, पण सातपुड्याच्या पायथ्याला किंवा साक्रीच्या डोंगराळ पट्ट्यात एकाच प्लॉटच्या एका टोकाला मुरूम आणि दुसऱ्या टोकाला काळी माती निघते. अर्धं घर मुरमावर आणि अर्धं काळीवर बसणं हे सगळं घर काळीवर बसण्यापेक्षा वाईट, कारण एक बाजू हलते आणि दुसरी जागेवर राहते.

वावरासाठी ० ते ३० आणि ३० ते ६० सेंटिमीटर असे दोन थर वेगळे घ्या. बांधालगत, उकिरड्याजवळ, झाडाखाली घेऊ नका. केळीच्या बागेत ठिबकच्या ड्रिपरने ओल्या केलेल्या गोलाच्या कडेला क्षार साचतात, तिथली माती वेगळंच काहीतरी सांगते.

इशारा: भेगेच्या आतून माती काढू नका. भेगेत वरची भुकटी पडलेली असते. ३ फुटांवरची म्हणून तुम्ही वरचीच तपासाल.

प्रत्येक नमुना निदान अर्धा किलो घ्या आणि पिशवीवर जागा, खोली, तारीख लिहा. नंतर आठवेल असं म्हणून ठेवलेल्या पिशव्या कधीच आठवत नाहीत.

## पायरी २: सावलीत वाळवणं, फोडणं, चाळणं

माती कागदावर पसरून सावलीत दोन-तीन दिवस वाळवा. काळ्या मातीचं ढेकूळ पूर्ण वाळलं की दगडासारखं होतं. म्हणून किंचित ओल असतानाच हाताने चुरून ठेवा.

मग दस्त्याने फोडा. चूक होते ती इथे, आणि ती कोणाच्या लक्षातही येत नाही. आपल्या काळ्या मातीत चुनखडीचे पांढरट खडे असतात. जोरात कुटलं की ते खडे पीठ होऊन चाळणीतून खाली जातात. चुनखडी फुगत नाही. तुमच्या दहा ग्रॅममध्ये एक ग्रॅम चुनखडीचं पीठ आलं, तर निकाल तेवढा खाली येतो आणि माती आहे त्यापेक्षा सौम्य वाटते. रबर लावलेला दस्ता त्यासाठीच आहे: ढेकूळ सुटावं, खडा फुटू नये. वर उरलेले खडे काढून टाका, पण सगळ्या मातीत त्यांचं वजन किती भरलं ते लिहून ठेवा.

तपासणी: चाळून निघालेली माती बोटांत चोळा. मैद्यासारखी लागली पाहिजे. रवाळ लागत असेल तर चाळणी फाटलेली नाही ना, ते बघा.

## पायरी ३: ओव्हन, आणि ओव्हननंतरची पंधरा मिनिटं

चाळलेली माती उथळ वाटीत पातळ पसरून १०५ ते ११० अंशांवर २४ तास ठेवा. उन्हात कडकडीत वाळली आहे, आता ओव्हन कशाला, असं पुष्कळजण म्हणतात. भुसावळच्या मे महिन्यातलं ऊनसुद्धा घडीतलं पाणी पूर्ण काढत नाही. हवेत वाळलेल्या भारी काळ्या मातीत वजनाच्या पाच ते दहा टक्के पाणी सहज उरतं. हे पाणी आत असेल तर रॉकेलच्या सिलिंडरमधली मातीही आधीच थोडी उघडलेली असते. मग पाणी आणि रॉकेल यांच्यातला फरक कमी दिसतो, फुगवण कमी मोजली जाते.

या मातीत जिप्सम असल्याचं माहीत असेल, किंवा तुम्ही अलीकडेच जिप्सम टाकलं असेल, तर ११० वर जाऊ नका. जिप्समच्या स्फटिकातलं पाणीही त्या तापमानाला निघू लागतं. अशा मातीला ६० ते ८० अंश ठेवा आणि जास्त वेळ द्या.

तपासणी: २४ तासांनी वजन करा, आणखी चार तासांनी पुन्हा करा. दोन्ही वजनं जुळली तर वाळली. जुळली नाहीत तर परत आत.

आता ती पंधरा मिनिटं. ओव्हनमधून काढलेली वाटी गार व्हायला टेबलावर उघडी ठेवू नका. कोरड्या स्मेक्टाईटला पाणी हवेतूनही मिळतं, आणि श्रावणातल्या दमट हवेत तर काट्यावर ठेवलेल्या वाटीचं वजन डोळ्यांदेखत वाढत जातं. आयनांना पाणी हवंच असतं, ते कुठून आलं याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. वाटी कोमट असतानाच सिलिका जेल घातलेल्या डब्यात बंद करा, तिथेच गार होऊ द्या, आणि गार झाल्यावर लगेच वजन करून वापरा.

## पायरी ४: सिलिंडरमध्ये माती टाकणं

दहा-दहा ग्रॅमचे दोन भाग मोजा. दोन्ही सिलिंडर साधारण अर्धे भरून घ्या, एक डिस्टिल्ड पाण्याने, एक रॉकेलने. मग माती थोडी थोडी, चिमटी-चिमटीने टाका. एक चिमूट बुडून खाली गेली की दुसरी. सगळी एकदम ओतली तर गोळा होतो. गोळ्याची बाहेरची साल फुगून घट्ट होते आणि आतली माती कोरडीच राहते. पिठल्यात बेसन एकदम टाकल्यावर गुठळ्या होतात, तसंच हे.

सगळी माती गेली की काचेच्या कांडीने हलकं ढवळा, अडकलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर येऊ द्या. कांडीला लागलेली माती त्याच द्रवाने धुऊन परत आत घ्या. मग १०० च्या खुणेपर्यंत भरा, तोंड झाका आणि दोन्ही सिलिंडर अशा जागी ठेवा, जिथे चोवीस तास कोणाचा धक्का लागणार नाही.

रॉकेल कशासाठी, हे इथे सांगतो. रॉकेलच्या रेणूला पाण्यासारख्या धन-ऋण बाजू नाहीत. आयन त्याला ओढत नाहीत, तो घडीत शिरत नाही. म्हणून रॉकेलमधला आकडा म्हणजे न फुगलेल्या मातीचं आकारमान, आणि पाण्यातला म्हणजे फुगलेल्या मातीचं. पेट्रोल किंवा डिझेल घेऊ नका. पेट्रोल धोक्याचं आहे आणि मानकात रॉकेलच दिलेलं आहे.

इशारा: रॉकेल घातलेली माती नंतर कधीही ओव्हनमध्ये वाळवू नका. आग लागते.

विहिरीच्या पाण्याबद्दल: आपण वावराला विहिरीचंच पाणी देतो, मग चाचणीतही तेच का नको, असं अनेकजण विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण क्षारांच्या पाण्यात पत्र्याभोवतीचा आयनांचा ढग आकसतो, आणि सोडियम असलेली माती तर खूपच कमी फुगते. पावसाचं पाणी मात्र जवळजवळ बिनक्षाराचं असतं. पाया आणि वावर दोघांवर शेवटी पाऊस पडणारच आहे, म्हणून मोजमाप बिनक्षाराच्या पाण्यात. हौस असेल तर तिसरा सिलिंडर विहिरीच्या पाण्याचा लावा. दोघांतला फरक बघण्यासारखा असतो.

## पायरी ५: थांबणं

कमीत कमी २४ तास. घाई करू नका. पहिल्या तासात आकडा भराभर चढतो आणि आता स्थिर झालं असं वाटतं. ते कणांच्या मधली जागा भरल्यामुळे होतं. घडीच्या आत पाणी हळू सरकतं. एका थराच्या घडीत पाण्याचा रेणू मोकळ्या पाण्यातल्यापेक्षा दहापट किंवा त्याहूनही सावकाश हलतो.

२४ तासांनी आकडा लिहा आणि आणखी सहा तासांनी पुन्हा बघा. वाढत असेल तर थांबा.

कधी पाण्याचा सिलिंडर दुसऱ्या दिवशीही वरपर्यंत गढूळच राहतो आणि मातीची कड दिसत नाही. चाचणी फसली असं समजून तो ओतून देऊ नका. गढूळपणा हीच महत्त्वाची खबर आहे: पत्रे सुटे होऊन तरंगत आहेत, म्हणजे सोडियम असण्याची शक्यता मोठी. कड दिसेपर्यंत थांबा आणि पायरी ७ नक्की करा.

## पायरी ६: वाचन आणि गणित

डोळा मातीच्या कडेच्या पातळीत आणून वाचा. कड तिरकी बसली असेल तर वरचा आणि खालचा आकडा घेऊन मधला धरा. सूत्र असं:

फुगवण टक्के = (पाण्यातलं आकारमान − रॉकेलमधलं आकारमान) ÷ रॉकेलमधलं आकारमान × १००

समजा पाण्यात २० मिलिलिटर आणि रॉकेलमध्ये ११ आलं. फरक ९. नऊ भागिले अकरा, म्हणजे ८२ टक्के. आता कोणी चुकून पाण्याच्या आकड्याने भागलं तर नऊ भागिले वीस, ४५ टक्के. भारतीय मानक १४९८ च्या वर्गवारीत ५० च्या खाली कमी फुगणारी, ५० ते १०० मध्यम, १०० ते २०० जास्त, २०० च्या वर अतिशय जास्त. एका भागाकाराने मध्यम माती कमी फुगणारी ठरली, आणि त्या भरवशावर कोणी साधा उथळ पाया घेईल. म्हणून गणित दोघांनी वेगवेगळं करून ताळा बघा.

उत्तर शून्याच्या खाली आलं तर घाबरू नका. केओलिनाइट जास्त असलेली माती रॉकेलमध्ये पाण्यापेक्षा सैल बसते आणि आकडा उणे येऊ शकतो. पण तापीकाठच्या काळ्या मातीचा आकडा उणे आला, तर बहुधा सिलिंडरांची अदलाबदल झालेली आहे.

आणि फार फुगणारी माती असेल, पाण्यातली कड १०० च्या खुणेला जाऊन भिडत असेल, तर दोन्हीकडे ५ ग्रॅम माती घेऊन किंवा २५० मिलिलिटरचे सिलिंडर घेऊन पुन्हा करा.

प्रत्येक नमुन्याची चाचणी निदान दोनदा करा.

## पायरी ७: ढेकळाची चाचणी

फुगवण आणि विरघळण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लोक त्या सर्रास एक समजतात. ही चाचणी दुसरी गोष्ट सांगते. खर्च काहीच नाही.

हवेत वाळलेलं, हरभऱ्याएवढं ढेकूळ काचेच्या पेल्यातल्या डिस्टिल्ड पाण्यात अलगद सोडा. न ढवळता, न हलवता. दहा मिनिटांनी, दोन तासांनी आणि दुसऱ्या दिवशी बघा.

ढेकूळ फुटून बारीक चुरा खाली बसला आणि वरचं पाणी निवळ राहिलं, तर काळजी नाही. आत अडकलेल्या हवेने आणि फुगवणीने ढेकूळ सुटलं, एवढंच. चुऱ्याभोवती दुधाळ वलय निघून तळाशी पसरत गेलं, तर पत्रे सुटे होत आहेत. हे चोपण जमिनीचं लक्षण. अशा जमिनीत सुटे पत्रे पावसात छिद्रं बुजवतात, वर पापडी धरते आणि पाणी तुंबून राहतं.

इशारा: ही चाचणी विहिरीच्या पाण्यात केली की वाईट मातीही चांगली ठरू शकते. क्षार पत्र्यांना एकत्र धरून ठेवतात. पावसाळ्यात तेच वावर तुंबतं आणि मग चाचणी खोटी होती असं म्हटलं जातं.

## निकाल हातात आल्यावर: घर

फुगवणीचा हा आकडा पहिला अंदाज आहे, पायाचं डिझाइन नव्हे. ५० च्या वर आला तर इंजिनिअरला दाखवा आणि फुगवणीचा दाब प्रयोगशाळेत मोजून घ्या. काळ्या मातीत ओल कमी-जास्त होण्याचा पट्टा आपल्या देशात साधारण साडेतीन मीटरपर्यंत धरला जातो. तळाशी फुगीर गोळा असलेले, अंडर-रीम्ड म्हणतात ते पाइल (जमिनीत उतरवलेले पायाचे खांब) निदान तेवढे खोल नेतात ते त्यासाठीच: त्याखाली ओल फारशी बदलत नाही, म्हणून माती हलत नाही.

माती फुगते यापेक्षा ती एका बाजूला फुगते आणि दुसऱ्या बाजूला नाही, हे भिंतीला मारतं. म्हणून बांधताना या गोष्टी टाळा. खोदून काढलेली काळी माती जोत्यात परत भरू नका, मुरूम भरा. न्हाणीघराचं पाणी भिंतीलगत मुरू देऊ नका. नळाची जोडणी पायाजवळ गळती ठेवू नका. घराभोवती मीटरभर रुंद, बाहेर उतार असलेली फरशी किंवा कोबा करा. भिंतीपासून चार-पाच फुटांवर मोठं होणारं झाड लावू नका. ते उन्हाळ्यात एकाच बाजूची माती कोरडी करतं. गावठाण पांढरीवर आणि शेती काळीवर, ही जुनी विभागणी आता नवीन प्लॉटिंगमध्ये राहिलेली नाही, म्हणून ही काळजी आपल्यालाच घ्यावी लागते.

## निकाल हातात आल्यावर: वावर

जास्त फुगणारी माती जास्त पाणी धरते, हे खरं. पण धरलेलं सगळं पाणी पिकाला मिळत नाही. पत्र्यांना आणि आयनांना लागून असलेले पहिले काही थर मुळाला ओढून घेता येत नाहीत. म्हणून काळ्या मातीत वीस टक्के ओल असूनही कपाशी माना टाकू शकते, आणि हलक्या जमिनीत तेवढ्या ओलीवर पीक टवटवीत असतं.

ओल मोजताना ओल्या मातीचं वजन घ्या, ओव्हनमध्ये वर सांगितल्याप्रमाणे वाळवा, आणि कमी झालेल्या वजनाला कोरड्या वजनाने भागा. १३० ग्रॅम ओली माती वाळून १०० झाली तर ओल ३० टक्के, २३ नव्हे. ओल्या वजनाने भागणं ही इथली नेहमीची चूक.

केळीच्या बागेत आता ओलाव्याचे सेन्सर बसू लागले आहेत. त्यांचा आकडा तसाच धरू नका. बरेचसे सेन्सर पाण्याचा विद्युत गुणधर्म ओळखून ओल सांगतात. मोकळ्या पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक सुमारे ८० असतो. चिकणाला चिकटलेलं पाणी मोकळेपणी वळू शकत नाही, त्याचा आकडा खूप कमी असतो, आणि सेन्सरला ते जणू दिसत नाही. उलट क्षार आणि आयन आकडा वर ओढतात. म्हणून सेन्सर बसवल्यावर पाणी दिल्यानंतर दुसऱ्या, चौथ्या, सातव्या दिवशी त्याच्या शेजारून माती काढून ओव्हनने ओल मोजा, सेन्सरचा आकडा बाजूला लिहा आणि आपल्या वावराचा स्वतःचा तक्ता करा. सेन्सर आकारमानाची टक्केवारी देतो आणि ओव्हन वजनाची, हे विसरू नका; वजनाच्या टक्क्याला मातीच्या कोरड्या घनतेने (वाळल्यावरचं वजन भागिले काढतानाचं आकारमान) गुणावं लागतं. ती घनताही काळ्या मातीत ओलीप्रमाणे बदलते, म्हणून प्रत्येक वेळी ठरावीक मापाच्या नळीने त्याच जागची माती काढून, वाळवून घनता काढा.

भेगांबद्दल: फुगवण १०० च्या वर असेल तर बागेत भेग पडेपर्यंत पाण्याची वाट बघू नका. भेग पडली की पाटाचं पाणी तिच्यातून खोल जातं आणि मधला थर कोरडाच राहतो. थोडं थोडं, लवकर लवकर द्या. आधीच भेगा पडल्या असतील तर वखराची पाळी देऊन वरचा थर भुसभुशीत करा आणि मग पाणी सोडा. नांगरट आणि रोटाव्हेटर वाफशावरच. ओल्या काळ्या मातीत अवजार घातलं की छिद्रं दाबली जाऊन गुळगुळीत थर बनतो आणि तो वाळल्यावर मूळ त्यातून जात नाही.

ढेकळाभोवती दुधाळ वलय आलं असेल तर लगेच जिप्समच्या गोण्या आणू नका. आधी माती परीक्षणात सामू (पीएच) आणि विनिमययोग्य सोडियमचं प्रमाण काढून घ्या. सामू ८.५ च्या वर आणि सोडियम १५ टक्क्यांच्या वर असेल तर जमीन चोपण आहे. जिप्सम किती, ते या सोडियमवरून ठरतं. जिप्सममधला कॅल्शियम घडीतल्या सोडियमची जागा घेतो, पण सुटलेला सोडियम पाण्याबरोबर बाहेर गेला पाहिजे. चर काढलेले नसतील तर तो तिथेच राहतो आणि पैसे वाया जातात. म्हणून क्रम असा: आधी चर, मग जिप्सम मातीत मिसळणं, मग चांगलं पाणी देऊन धुणं. तीन-चार महिन्यांनी त्याच जागेवरून, त्याच खोलीवरून पुन्हा ढेकूळ काढा आणि त्याच पेल्यात, डिस्टिल्ड पाण्यात सोडा. वलय कमी झालं की नाही, ते दुसऱ्या दिवशी सकाळी दिसेल.